कर्तरी प्रयोग आणि कर्तृत्व : महिला फुटबॉलच्या मराठी वृत्तवर्णनाविषयी

पनवेलहून मुंबईकडे जाणारा महामार्ग नेरूळ येथे ज्या क्रीडांगणाजवळून जातो, त्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २०२२ या एकाच वर्षात महिला फुटबॉलच्या दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे अंतिम सामने झाले. ६ फेब्रुवारी रोजी आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाचा ३-२ असा पराभव केला. ३० ऑक्टोबर रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळविला. या निमित्ताने महिलांच्या फुटबॉलविषयी मराठीत एरवी वर्षानुवर्षे लिहिले जात नाही इतके लेखन थोड्या महिन्यांत झाले. खेळाच्या डावपेचांची चर्चा त्या विषयाच्या जाणकारांनी करावी. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या वृत्तलेखनाची भाषा, आणि भाषेतही मुख्यतः क्रियापद.

क्रियापद असे म्हणावयाचे कारण, या लेखनावर सामान्यतः जे आक्षेप घेतले जातात ते नामांविषयीचे असतात. ‘गोलरक्षक’ म्हणावे की ‘गोलरक्षिका’, ‘प्रशिक्षक’ की ‘प्रशिक्षिका’, असा तो वाद आहे, आणि तो फारसा फलदायी नाही. मराठीने या बाबतीत आपली सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ‘खेळाडू’ हा शब्द उभयलिंगी आहे. ‘-पटू’ लावून केलेले ‘फुटबॉलपटू’, ‘आघाडीपटू’, ‘बचावपटू’ हे सगळे शब्दही तसेच. ‘कर्णधार’ या शब्दाला स्त्रीलिंगी जोड कोणी शोधली नाही व कोणाचे अडलेही नाही. मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेटच्या नियमांतून ‘बॅट्समन’ हा शब्द काढून ‘बॅटर’ घातला, त्या दिवशी मराठीतील ‘फलंदाजा’ला जागचे हलावेही लागले नाही. मैदानावरची मुले तर याहूनही पुढे गेली आहेत. गोलरक्षकाला ती ‘गोली’ म्हणतात. शब्द ईकारान्त, पण गोलमध्ये मुलगा उभा असेल तर ‘गोली पडला’ आणि मुलगी असेल तर ‘गोली पडली’. पनवेल-उरणकडच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होऊन तीच ‘परली’ होईल, पण लिंगवचनाची व्यवस्था बदलणार नाही. लिंग येथे शब्दाचे नसून उभ्या असलेल्या व्यक्तीचे आहे.

नामांच्या बाबतीत खरा दोष असेल तर तो उलट दिशेचा आहे. ‘रणरागिणी’, ‘दुर्गा’, ‘लेकी’ ही बिरुदे इतक्या उदारपणे वाटली जातात की ज्या खेळाडूने उजव्या बगलेवरून दहा वेळा चेंडू पुढे नेला तिने तो कसा नेला हे सांगावयास वाक्यात जागाच उरत नाही. ‘१७ वर्षांखालील महिला’ हा प्रयोगही असाच विचारावाचून आलेला आहे. ‘महिला’ हा शब्द मराठीत प्रौढ स्त्रीचा वाचक असल्याने सोळा वर्षांच्या मुलीला तो शोभत नाही, आणि येथे ‘मुली’ म्हणणेच युक्त. परंतु तोच ‘मुली’ शब्द पंचविशी ओलांडलेल्या राष्ट्रीय संघालाही लावला जातो. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाला ‘मुले’ म्हणण्याची रीत क्रीडापानावर नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) विद्यार्थ्यांच्या परिचयाची असलेली प्रयोगव्यवस्था येथे आठवावी. भूतकाळात अकर्मक धातू कर्तरी प्रयोगात राहतो व क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते : ती धावली, ती पडली. सकर्मक धातू बहुधा कर्मणी प्रयोगात जातो. कर्ता ‘-ने’ घेतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते : तिने चेंडू अडविला. कर्मालाही विभक्तिप्रत्यय लागला की भावे प्रयोग होऊन क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होते : तिने बचावपटूला चकविले. व्याकरणाच्या तासाला हे सारे निर्जीव वाटते. क्रीडावृत्तात मात्र त्याला विलक्षण परिणाम लाभतो, कारण क्रीडावृत्त जवळजवळ सर्वस्वी भूतकाळात लिहिले जाते आणि फुटबॉलमधील निर्णायक क्रिया बहुतेक सकर्मक असतात. गोल करणे, चेंडू अडविणे, चेंडू पुरविणे, प्रतिस्पर्ध्याला चकविणे या प्रत्येक क्रियेत क्रियापद खेळणारीकडे पाठ फिरवून ‘गोल’ व ‘चेंडू’ या पुल्लिंगी शब्दांकडे पाहते.

६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्याचे वर्णन मराठीत असे करता येईल : पूर्वार्धात दक्षिण कोरियाने दोन गोल केले. ६८ व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टीवर एका गोलची परतफेड केली, चारच मिनिटांनी झांग लिनयानने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत शियाओ युयीने तिसरा गोल करून चीनला नववे आशियाई विजेतेपद मिळवून दिले. वर्णन यथातथ्य आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात खोट नाही. परंतु या खेळाडू स्त्रिया होत्या याची एकही खूण त्यात नाही. नावे परकी असल्याने त्यांवरून बोध होत नाही. ‘परतफेड केली’ आणि ‘बरोबरी साधली’ येथील स्त्रीलिंग ‘परतफेड’ व ‘बरोबरी’ या शब्दांचे आहे. पुरुषानेही बरोबरी ‘साधली’च असती, संधी ‘गमावली’च असती आणि किक ‘मारली’च असती. वृत्तलेखकाला ‘महिला’ हा शब्द ओळीओळीला घालावा लागतो त्याचे एक कारण हे आहे. क्रियापद जे सांगत नाही ते विशेषणाकडून वदवून घ्यावे लागते.

याच सामन्यातील खेळाडू धावल्या, थकल्या, घसरल्या, हताश झाल्या, रडल्या असे लिहिले की स्त्रीत्व क्रियापदात ताबडतोब प्रकट होते. म्हणजे मराठी वाक्यात स्त्री खेळाडू चेंडूवर सत्ता गाजविते तेव्हा तिचे लिंग लोपते आणि तिच्या देहाला वा मनाला काही होते तेव्हा ते दिसते. हा सिद्धान्त मांडताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘खेळणे’ हा धातू स्वतःच कर्तरी वळणाचा आहे, ‘ती अप्रतिम खेळली’ यात कर्ती दिसते. ‘जिंकणे’ दोन्हीकडे चालतो : ‘ती जिंकली’ आणि ‘तिने सामना जिंकला’. ‘झेपावली’, ‘पोहोचली’, ‘उसळली’ ही क्रियापदेही अकर्मक असून पराक्रमाचीच आहेत. शिवाय कर्मणी प्रयोग पुरुषाचे लिंगही तितक्याच निःपक्षपातीपणे झाकतो. तेव्हा दोष व्याकरणाचा नव्हे. व्याकरण दोन-तीन वाटा मोकळ्या ठेवते. त्यांतील कोणती घ्यावयाची हे लेखक ठरवितो, आणि समीक्षा करावयाची ती या निवडीची.

‘संघ’ हा पुल्लिंगी शब्द या निवडीत मोठे काम करतो. ‘भारतीय संघ जिंकला’ आणि ‘भारतीय मुली हरल्या’ ही दोन वाक्ये एकाच लेखणीतून उतरू शकतात. पहिल्यात यश पुल्लिंगी नामाकडे जाते, दुसऱ्यात अपयश स्त्रीलिंगी अनेकवचनाकडे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या स्पर्धेच्या काळातील क्रीडापाने पुढे घेऊन प्रत्येक समापिका क्रियेचा प्रयोग व कर्त्याचे नाम यांची मोजणी करावी. एका प्रबंधिकेला पुरेल एवढे द्रव्य त्यात आहे आणि ही तक्रार कितपत खरी ते त्यातूनच ठरेल. मोजणी करताना एक सावधगिरी मात्र हवी. मुलाखतीतील प्रथमपुरुषी वाक्ये वेगळी काढावीत. कोल्हापूर ही महाराष्ट्रातील फुटबॉलची पेठ, आणि त्याच मुलखातील बोलीत स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी पळालो’ असे सहज बोलतात. पनवेलच्या नव्या वसाहतींत, कळंबोली-कामोठ्याकडे, घाटावरून आलेल्या कुटुंबांतून हे रूप आजही कानी पडते. असे बोलणारी खेळाडू छापील मुलाखतीत मात्र ‘मी पळाले’ म्हणते. तिच्या तोंडची क्रिया प्रमाणभाषेच्या संस्कारात बदललेली असते.

येथपर्यंतचा विचार लिंगाचा झाला. त्याहून गंभीर प्रश्न कर्तृत्वाचा आहे. मराठीत ‘कर्तृत्व’ म्हणजे क्रियेचे कर्तेपण आणि ‘कर्तृत्व’ म्हणजे पराक्रमही. एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात हा योगायोग नव्हे. ज्याने क्रिया केली त्याचा पराक्रम, आणि ज्याने क्रिया केली त्याचाच दोष. मग जिने क्रिया केलीच नाही तिला वाक्यात कर्ती केल्यास काय होते, हे जानेवारी २०२२ मध्ये नेरूळच्या याच मैदानावर पाहावयास मिळाले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. महिलांच्या फुटबॉलचा इतिहास बराचसा निमंत्रणांचा इतिहास आहे. जागतिक महासंघाने (फिफा) १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बारा संघांना बोलावून एक निमंत्रित स्पर्धा भरविली. स्त्रियांची जागतिक स्पर्धा चालेल की नाही याची ती चाचणी होती. नॉर्वेने ती जिंकली. चाचणी यशस्वी ठरल्यावर १९९१ मध्ये चीनमध्येच पहिली जागतिक स्पर्धा झाली, पण तिला ‘विश्वचषक’ हे नाव त्या वेळी दिले गेले नाही, ते मागाहून चिकटविले गेले. सामनेही नव्वद मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. नाव आणि दहा मिनिटे हातची राखून दिलेले ते निमंत्रण होते. भारताचा संबंध याहून जुना आहे. १९८० मध्ये कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने दोन संघ उतरविले व त्यांपैकी एक उपविजेता झाला. १९८३ मध्येही भारताला उपविजेतेपद मिळाले. पुढे मात्र घसरण झाली, आणि २००३ नंतर आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत भारत पुन्हा दिसला तो थेट २०२२ मध्ये, यजमान या नात्याने.

२० जानेवारी रोजी भारत आणि इराण यांचा सामना नेरूळ येथे गोलशून्य बरोबरीत सुटला. २३ जानेवारीस चायनीज तैपेईविरुद्धचा सामना व्हावयाचा होता. भारतीय चमूत करोनाची लागण पसरली होती आणि नियमाने आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडू उभ्या करणे शक्य झाले नाही. सामना झाला नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या त्या काळापुरत्या विशेष नियमांत तरतूद होती की अशा संघाने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात येईल. तसे मानण्यात आले आणि इराणविरुद्धच्या सामन्याचा निकालही रद्दबातल ठरला.

मराठीत ही घटना सांगण्याची हाताशी असलेली रचना म्हणजे ‘भारताने माघार घेतली’. वाक्य चार अंगुळांचे, मथळ्यात बसणारे आणि असत्य. ‘माघार घेणे’ ही मराठीत पूर्ण ऐच्छिक क्रिया आहे. निवडणुकीतील उमेदवार माघार घेतो, वादात हरणारा शहाणा माणूस माघार घेतो. आजारपणामुळे खोलीत कोंडल्या गेलेल्या खेळाडूंनी या अर्थाने काहीही घेतलेले नव्हते. थोडा विचार करणारा लेखक ‘भारताला माघार घ्यावी लागली’ असे लिहील. ‘लागणे’ या सहायक क्रियापदाने सक्तीचा भाव येतो व कर्ता चतुर्थीत जाऊन सौम्य होतो. हे वाक्य अधिक बरे, पण तेही घेण्याची क्रिया भारताकडेच ठेवते. नियमाची भाषा या दोहोंपेक्षा प्रामाणिक होती. ‘मानण्यात येईल’ ही कायद्याच्या मराठीत रुळलेली रचना मुळातच कबूल करते की जे घडलेले नाही ते घडले असे धरून चालावयाचे आहे. तीत उणे एवढेच की मानणारा कोण, हे ‘-ण्यात येणे’ या वळणात दडून राहते. दडलेला कर्ता बाहेर काढला तर वाक्य असे होईल : तेरा खेळाडू उपलब्ध नसल्याने आशियाई फुटबॉल महासंघाने भारताची माघार गृहीत धरली. यात महासंघावर आरोप नाही. नियम आधीपासून लिहिलेला होता, आणि तो वाईट की बरा हा स्वतंत्र प्रश्न आहे. कोणी काय केले एवढेच वाक्याने खरे सांगावे. हे वाक्य मथळ्यात बसणार नाही, ही संपादकाची अडचण मान्य केली तरी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात बसावयास हरकत कसली ?

‘रद्द’ या शब्दाने तर याहून सूक्ष्म नुकसान केले. २३ तारखेचा न झालेला सामना रद्द झाला आणि २० तारखेचा झालेला सामनाही रद्द झाला. मराठीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला की नव्वद मिनिटे खेळला गेलेला सामना आणि मुळात सुरूच न झालेला सामना एका पंक्तीला येऊन बसतात. इराणच्या दृष्टीने पाहिले म्हणजे यातील अन्याय ध्यानी येतो. आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत इराणचा महिला संघ प्रथमच आला होता आणि पहिल्याच सामन्यात त्याने यजमानांना रोखून एक गुण मिळविला होता. पुढे चीनकडून ०-७ आणि चायनीज तैपेईकडून ०-५ अशी हार पत्करावी लागल्याने त्या स्पर्धेतील त्यांची एकमेव कमाई हीच होती. लागण भारतीय चमूत झाली, गुण गेला तो इराणचा. हे ‘सामना रद्द’ या दोन शब्दांतून कोणाला कळणार ? ‘खेळला गेलेला सामना हिशेबातून वगळला’ असे लिहिणे मराठीला अवघड नव्हते. ‘वगळणे’ हे सकर्मक क्रियापद आहे, ते आपला कर्ता मागते, आणि नेमका म्हणूनच ते टाळले जात असावे.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अंतिम सामन्यात हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. स्पेनचा एकमेव गोल ८२ व्या मिनिटाला झाला आणि तो कोलंबियाच्या बचावपटूच्या नावे स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. ‘स्वयंगोल’ हा शब्द रुळलेला आहे व तो आता बदलता येणार नाही, तथापि त्याची घडण तपासण्यासारखी आहे. ‘स्वयं’ हे पूर्वपद मराठीत स्वेच्छा व स्वप्रयत्न सुचविते : स्वयंसेवक, स्वयंवर, स्वयंशिस्त. ‘स्वतःच्या जाळ्यात गेलेला गोल’ एवढाच अर्थ अभिप्रेत असताना ‘स्वतः होऊन केलेला गोल’ अशी छटा त्यात मिसळते. हिंदीच्या वाटेने येणारा ‘आत्मघाती गोल’ याहून वाईट. १९९४ च्या पुरुषांच्या विश्वचषकात कोलंबियाच्याच आन्द्रेस एस्कोबार या बचावपटूकडून अमेरिकेविरुद्ध असा गोल झाला, आणि मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ज्या देशाच्या फुटबॉलला हा इतिहास आहे, त्या देशाच्या अल्पवयीन खेळाडूसाठी शब्द निवडताना लेखणी क्षणभर तरी थांबावयास हवी.

शब्द बदलता येत नसला तरी क्रियापद बदलता येते. ‘तिने स्वयंगोल केला’ आणि ‘तिच्याकडून स्वयंगोल झाला’ यांतील अंतर कोणत्याही मराठी भाषकाला समजावून सांगावे लागत नाही. ‘-कडून होणे’, ‘हातून होणे’ ही अनिच्छेने घडलेल्या क्रियेची मराठीने राखून ठेवलेली खास रचना आहे. (पायांच्या या खेळातही चूक ‘हातून’च होते, ही गंमत सोडून देऊ.) ही रचना येथे वापरण्यात लेखकाची दयाबुद्धी नसून काटेकोरपणा आहे, कारण जे नकळत घडले ते नकळत घडले असेच लिहिले जाते. आणि मग प्रश्न असा पडतो की ज्या भाषेजवळ एका खेळाडूच्या चुकीसाठी इतकी नेमकी सोय आहे, तिने एका संपूर्ण संघाच्या आजारासाठी ‘माघार घेतली’ हे सर्वांत ऐच्छिक क्रियापद का उचलावे ?

त्या ऑक्टोबरात भारताच्या मुलींचे तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले. अमेरिका ८-०, मोरोक्को ३-०, ब्राझील ५-० असे ते निकाल. त्यांच्या वर्णनात ‘धुव्वा उडविला’, ‘चारीमुंड्या चीत केले’ या ठरीव वाक्प्रचारांपलीकडे भाषेचा कस लागला नाही, म्हणून त्यांचा विचार येथे लांबविण्याचे प्रयोजन नाही.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारताने यजमान थायलंडला २-१ असे हरविले आणि २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळविले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. या वेळी यजमानपदाचे निमंत्रण हाती नव्हते, पात्रता फेरी खेळून ती जागा घेतलेली होती. मराठीत अशा प्रसंगी लिहिण्याची सवय आहे ती ‘भारत पात्र ठरला’ अशी. ‘ठरणे’ हे अकर्मक आहे आणि त्याचा कर्ता पुल्लिंगी ‘भारत’ आहे. कोणी ठरविले व कशाच्या बळावर, याविषयी ते मौन पाळते. पुरुषांच्या संघालाही हेच क्रियापद लागते हे खरे. परंतु जो संघ २०२२ मध्ये ‘माघार घेतो’ या वाक्यात कर्ता होता, तोच २०२५ मध्ये आपल्या पायांनी मिळविलेल्या जागेविषयी लिहिताना नुसता ‘ठरतो’, ही जोडी शेजारी ठेवून पाहावी. ‘भारतीय खेळाडूंनी पात्रता मिळविली’ या वाक्यात अक्षरे थोडी अधिक आहेत. क्रियापद तेथेही ‘पात्रता’ या कर्मामागे जाईल आणि खेळाडूंचे लिंग झाकलेलेच राहील. पण ‘-नी’ प्रत्यय घेऊन का होईना, कर्त्या त्या वाक्यात उभ्या आहेत.